बहिणीच्या डिग्रीचा सहकर्जदार

माझ्या इंजिनिअरिंगच्या कर्जाचे एकोणीस हप्ते बाकी होते, तेव्हाची ही गोष्ट. एका रविवारी दुपारी जेवताना माझ्या धाकट्या बहिणीने सांगितलं की तिला कॉग्निटिव्ह सायन्समध्ये एम.एस्सी. करायचं आहे. पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात प्रवेश मिळालाय आणि दहा दिवसांत पन्नास हजार भरून जागा पक्की करायची आहे. बाकीच्या रकमेसाठी कर्ज काढावं लागेल. वडिलांच्या निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती, त्यामुळे बँकेला सहकर्जदार तरुण आणि पगारदार हवा होता. म्हणजे मी.

आईने माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. घरात कुणाला माझ्याकडून काही हवं असलं की आई मला न विचारता वाढते.

"त्यात नक्की शिकायचं काय असतं?" मी विचारलं.

"माणूस विचार कसा करतो, लक्ष कसं देतो, लक्षात कसं ठेवतो. डोळ्यांनी बघितलेलं, कानांनी ऐकलेलं डोक्यात कसं जुळतं. थोडं मानसशास्त्र, थोडं कॉम्प्युटर, थोडा मेंदूचा अभ्यास, थोडी भाषा."

"थोडं थोडं सगळंच. आणि नोकरी? तीपण थोडीच?"

"तिला बोलू दे," वडील म्हणाले.

माझं डोकं फिरलं ते इथे. तिच्या विषयावरून नाही, वडिलांच्या त्या तीन शब्दांवरून. कारण अकरा वर्षांपूर्वी याच खोलीत, याच ताटांसमोर, मला कुणी बोलू दिलं नव्हतं.

माझे वडील सातपूरच्या एका कारखान्यात मशीन ऑपरेटर. मूळचे वणीचे. विशीत कामाला इकडे आले आणि तीन पाळ्यांमध्ये त्यांचं आयुष्य गेलं. कारखान्यात त्यांच्यावर ओरडणारे सगळे इंजिनिअर होते, म्हणून मुलाने इंजिनिअर व्हायचं हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. मला बारावीनंतर इतिहास शिकायचा होता. मी तसं एकदाच म्हणालो. वडील म्हणाले, "इतिहास शिकून काय लेण्या दाखवत फिरणार का पाव्हण्यांना?" विषय तिथेच संपला. शहराबाहेरच्या एका खासगी कॉलेजात मेकॅनिकलला नाव घातलं, बँकेतून सव्वापाच लाख काढले आणि पेढे वाटले.

शिकत असताना व्याज चढत राहतं, हे आम्हाला कुणालाच नीट कळलं नव्हतं. फॉर्मवर लिहिलेलं असणार. आम्ही सह्या करत होतो, वाचत नव्हतो. हप्ता सुरू झाला तेव्हा सव्वापाचाचे पावणेसात झाले होते. हप्ता अकरा हजार चारशे. माझा पहिला पगार तेरा हजार, वडिलांच्याच कारखान्यात. पहिली दोन वर्षं निम्मा हप्ता वडिलांनी ओव्हरटाइम करून भरला. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, मीही कधी आभार मानले नाहीत. आम्ही दोघं एकाच गेटमधून वेगवेगळ्या पाळ्यांना जात होतो, एवढंच.

आता मला एकतीस हजार मिळत होते. मी क्वालिटीत आहे. तयार झालेले पार्ट तपासणाऱ्या माणसांवर देखरेख ठेवायची, आणि खराब पार्ट गिऱ्हाइकाकडे गेला की शिव्या खायच्या, हे माझं काम. त्या वर्षी माझ्यासाठी मुली बघणं चालू होतं. मुलीकडचे चहा-पोह्यांच्या आधीच फोनवर विचारायचे, मुलावर लोन आहे का? आई म्हणायची, "थोडंसं आहे, शिक्षणाचं." मग तिकडून दोन दिवस फोन यायचा नाही. त्यात आता बहिणीचं.

माझ्या बहिणीला मी ओळखत नव्हतो असं नाही. ती माझ्याहून सात वर्षांनी लहान. बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं तेव्हाही मी कुरकुरलो होतो, पण फी कमी होती, कॉलेज गावातच होतं, म्हणून गप्प बसलो. शेवटच्या वर्षाला असताना तिने आमच्यावर एक प्रयोग केला होता. लॅपटॉपवर एकामागून एक काळी वर्तुळं यायची. एखाद्याला बारीकशी चीर असायची. चीर दिसली की बटण दाबायचं. अर्धा तास. आधी मी बसलो, मग वडील.

"दादा, तुमच्याकडे पार्ट तपासणारे किती वेळ सलग बसतात?" तिने विचारलं.

"दोन तास. मग चहा."

"तुझ्या शेवटच्या दहा मिनिटांत नऊ चिरा सुटल्या. पहिल्या दहात एकच सुटली होती."

"कंटाळलो होतो."

"तेच तर. आणि पप्पांच्या तीनच सुटल्या. ते मधेच मान वर करून खिडकीकडे बघतात. तू एकटक बघत बसतोस."

वडील खूश झाले. मी लॅपटॉप तिच्याकडे सरकवला आणि म्हणालो की मला हे माझ्या कारखान्यात कुणी शिकवायला नको. पण त्या आठवड्यात कामावर मी तपासणीच्या टेबलांमागे उभा राहून माणसांच्या माना बघत होतो, हे मी घरी सांगितलं नाही.

तर विषय वाईट नव्हता. तो मला कळतही होता. पण विषय कळणं वेगळं आणि तेरा लाखांवर सही करणं वेगळं. दोन वर्षांची फी नऊ लाख, हॉस्टेल आणि मेस धरून तेरा. माझ्या अनुभवावरून मी व्याज धरलं. डिग्री हातात येईपर्यंत पंधरा-साडेपंधरा. दहा वर्षांची मुदत घेतली तरी हप्ता एकवीस हजारांच्या घरात. मी हे सगळं एका कागदावर मांडून तिच्यापुढे ठेवलं. तिने कागद वाचला, घडी घातली आणि वहीत ठेवला.

"आणि पगार किती धरलास?" तिने विचारलं.

"तेच तर मला सांग ना. पगार किती धरू?"

तिला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. पुढचे चार दिवस मी त्या एका आकड्याच्या मागे फिरलो.

विद्यापीठाच्या प्रवेश विभागातून एका मुलीचा रोज फोन यायचा. फार गोड बोलायची. मी एकदा फोन घेतला.

"सर, आमचं हायेस्ट पॅकेज बावीस लाखांचं आहे."

"तो कोण होता?"

"सर, ते मी सांगू शकत नाही."

"तो आधी कॉम्प्युटर इंजिनिअर होता का?"

"असू शकेल सर."

"बरं, सगळ्यात कमी पगार किती मिळाला?"

"सर, लोएस्ट आम्ही काढत नाही."

"का नाही काढत?"

"सर, पालक विचारत नाहीत."

"मी विचारतोय."

"सर, आपण पालक आहात का?"

काय सांगणार? मी म्हणालो, मी सहकर्जदार आहे. तिला त्याचा अर्थ कळला नसावा. ती म्हणाली, "खूप छान सर," आणि सीट लवकर भरतायत म्हणून सांगितलं.

मग बहिणीनेच इंटरनेटवरून त्या विद्यापीठातून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली एक मुलगी शोधून काढली. ती सोलापूरकडची होती, पुण्यात नोकरीला होती. तिने मोकळेपणाने बोलायचं कबूल केलं. आम्ही दोघं ओट्यावर फोन ठेवून स्पीकरवर ऐकत होतो, आई पलीकडे भाजी निवडत होती.

"मी ॲप बनवणाऱ्या कंपनीत आहे," ती म्हणाली. "लोक ॲप वापरताना कुठे अडतात ते बघायचं, त्यांना विचारायचं, लिहून द्यायचं. काम मला आवडतं. अडतीस हजार मिळतात."

"आणि हप्ता?" मी विचारलं.

"एकोणीस."

"निम्मे?"

"हो दादा. चौघीजणी मिळून फ्लॅट घेतलाय. घरी काही पाठवू शकत नाही. आमच्या वर्गातले काही बाहेरदेशी पीएच.डी.ला गेले, त्यांचं चांगलं चाललंय. दोघं एमपीएससी करतायत. एक जण वडिलांच्या दुकानात बसतो. मोठे पगार ज्यांना मिळाले, त्यांना कोडिंग आधीपासून येत होतं."

बहीण म्हणाली, "ताई, तुला परत निवडायचं असतं तर?"

ती मुलगी म्हणाली, "हाच विषय घेतला असता. इतक्या पैशांना नसता घेतला."

फोन ठेवल्यावर मला वाटलं, झालं, आता हिला समजेल. बहिणीला वाटलं, झालं, आता दादाला समजेल. एकच फोन, एकाच ओट्यावर ऐकलेला. मला 'इतक्या पैशांना नसता घेतला' एवढंच ऐकू आलं होतं आणि तिला 'हाच विषय घेतला असता' एवढंच.

तिच्याकडे दुसरा एक पर्यायही होता. बाहेरच्या राज्यातल्या एका सरकारी संस्थेत हाच अभ्यासक्रम होता. फी इतकी कमी की मला आधी छपाईची चूक वाटली. तिने तिथली प्रवेश परीक्षा दिली होती, मुलाखतही झाली होती, आणि ती प्रतीक्षा यादीत होती. तिच्या पुढे अकराजण. यादी कधी सरकेल हे कुणी सांगत नव्हतं, आणि खासगीवाल्यांचे दहा दिवस तर सरत चालले होते.

सातव्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिला नाशिकरोडच्या बँकेत घेऊन गेलो. शिक्षणकर्जाचं काम तिथून होतं. काउंटरपलीकडे एक वयस्कर मॅडम होत्या, चांगल्या होत्या, पण त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये आमचा विषय नव्हता. इंजिनिअरिंग, मेडिकल, नर्सिंग, मॅनेजमेंट, हॉटेल. त्यांनी यादी दोनदा वरखाली केली.

"काय म्हणालीस, कॉस्मेटिक?"

"कॉग्निटिव्ह."

"त्याने पुढे काय होतं? म्हणजे तू कोण होणार?"

बहिणीने सांगायला सुरुवात केली. मॅडमनी दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शिक्षिका लिहू का?"

"नाही, शिक्षिका नाही."

"मग 'इतर' टाकते. पण इतरमध्ये टाकलं की वरून प्रश्न येतात, बरं का. आणि एवढ्या रकमेला तारण लागेल. घर आहे का नावावर?"

घर आईच्या नावावर होतं आणि घरावर आधीच दुरुस्तीचं छोटं कर्ज होतं. बहीण म्हणाली, "वणीला पप्पांचा प्लॉट आहे." मी चमकून तिच्याकडे बघितलं. दोन गुंठ्यांचा तो प्लॉट म्हणजे वडिलांच्या निवृत्तीनंतरचं घर होतं. अजून एक वीटही चढली नव्हती, पण मोरी कुठे आणि तुळस कुठे ते ठरलेलं होतं.

"एन.ए. आहे का, बिगरशेती?" मॅडमनी विचारलं.

"पप्पांनी कागद काढून ठेवलेत," बहीण म्हणाली.

म्हणजे त्यांचं आपसात ठरलं होतं. मला फक्त सही करायला आणलं होतं. मी मॅडमना नमस्कार केला, फाइल उचलली आणि बाहेर आलो.

गाडीवर आम्ही द्वारका चौकापर्यंत आलो. द्वारकेला नेहमीसारखाच चारही बाजूंनी गुंता झाला होता. ट्रक, सिटी बस, रिक्षा, सगळे एकमेकांच्या अंगावर हॉर्न वाजवत उभे. पुलाखालच्या त्या गर्दीत आम्ही अडकलो, आणि तिथे मी तोंड उघडलं.

"तुला हिशोब नकोच आहे. तुला फक्त आवड आहे. पप्पांचा प्लॉट ठेवायचा बँकेत, माझा पगार ठेवायचा बँकेत, आणि तू वर्तुळं मोजायची."

"तुझ्या वेळी हिशोब करूनच घेतलं होतं ना इंजिनिअरिंग?" ती मागून ओरडली. हॉर्नमुळे ओरडावंच लागत होतं. "सगळ्यांनी मिळून केला होता. मग काय झालं? तेरा हजार पगार आणि अकरा हजार हप्ता!"

"म्हणूनच सांगतोय!"

"तू माझ्यासाठी नाही सांगत. मला आवडेल ते मिळतंय म्हणून तुझी जळते."

मी काहीतरी बोललो. फार वाईट बोललो असणार, कारण नेमकं काय ते मला आठवायचं नसतं. ती गाडीवरून उतरली आणि दोन बसच्या मधून निघून गेली. मी गाडी वळवूही शकत नव्हतो आणि सोडूही शकत नव्हतो. मागचा रिक्षावाला म्हणाला, "भाऊ, घ्या ना पुढे, वहिनी येतील चालत." बहीण आहे माझी, असं मी त्याला सांगत बसलो. त्याला काही देणंघेणं नव्हतं.

पाऊण तास शोधलं. तिने फोन बंद केला होता. पुलाच्या अलीकडे पलीकडे दोन चकरा मारल्या, फळवाल्यांना विचारलं, बसस्टॉपवर बघितलं. शेवटी घाबरून घरी आलो तर ती सिटी बसने माझ्याआधी पोहोचून, हातपाय धुऊन पोहे खात होती. मी दारातच उभा राहिलो. आईने विचारलं, "तुला देऊ का पोहे?"

संध्याकाळी वडील पहिल्या पाळीची झोप काढून उठले. मी त्यांना गच्चीवर नेलं आणि अकरा वर्षांत न विचारलेला प्रश्न विचारला.

"तिच्यासाठी प्लॉट ठेवायला निघालात. माझ्या वेळी मला एकदा विचारलंसुद्धा नाही. का?"

वडील कठड्याला टेकून उभे होते.

"तुझ्या वेळी मला लय खात्री होती," ते म्हणाले. "वाटायचं, आपल्याला सगळं कळतं. मग विचारायचं कशाला? तुझा हप्ता सुरू झाला तेव्हा कळलं, आपल्याला काय बी कळत नाय. आता तिला विचारतो. तुला विचारायला उशीर झाला, ते मला माहीत हाय."

मला त्यांच्याशी भांडायचं होतं, पूर्ण तयारी करून गेलो होतो. असं बोलल्यावर भांडण कसं करायचं?

"मग प्लॉट ठेवू नका," मी म्हणालो. "तुमची खात्री नाही ना? माझीही नाही. तिघांपैकी एकाची तरी पाहिजे."

"तिची हाय."

"तिची विषयाची आहे. पैशांची नाही."

वडील जिन्याकडे वळले. त्यांनी माझं ऐकलं की नाही ते कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी प्लॉटचे कागद परत लोखंडी कपाटात गेले.

नवव्या दिवशी मी बहिणीला सांगितलं की मी सही करणार नाही. कारणं मी पाठ करून ठेवली होती. हप्ता पगाराच्या निम्म्याहून जास्त होईल. तारण दिलं तर पप्पांचं म्हातारपण त्यात अडकेल. माझं कर्ज फिटल्याशिवाय दुसरं एवढं मोठं माझ्या नावावर नको. सरकारी संस्थेत प्रवेश मिळाला तर मी आज सही करीन. मिळाला नाही तर एक वर्ष थांब, परत परीक्षा दे, तोपर्यंत कोडिंग शीक. ती रडली नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ठीक आहे." दहावा दिवस गेला. विद्यापीठातल्या मुलीचे फोन बंद झाले. बहीण चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली, ते फक्त मीठ दे म्हणून.

आणि प्रतीक्षा यादी सरकली नाही. म्हणजे सरकली, पण तिच्या पुढे दोघंजण असताना थांबली.

ते कळलं तो दिवस माझ्या आयुष्यातल्या वाईट दिवसांपैकी एक. मी कामावर होतो. तिने मेसेज केला, "झालं नाही." एवढंच. मी कॅन्टीनमध्ये जाऊन बसलो. माझा हिशोब बरोबर होता, तरी मला चोरी करताना पकडल्यासारखं वाटत होतं. सही न करून मी तिचे तेरा लाख वाचवले होते की तिचं एक वर्ष खाल्लं होतं? दोन्ही खरं होतं, आणि त्यामुळे कुणावर चिडावं तेच कळत नव्हतं. मग मी सगळ्यांवर चिडलो. संस्थेवर, बँकेवर, आकडा न सांगणाऱ्या त्या गोड आवाजावर, वडिलांच्या उशिरा आलेल्या शहाणपणावर. आईवरही चिडलो, तिने त्या दिवशी शिरा केला म्हणून.

त्या वर्षी बहिणीने गावातल्या एका वाचा-उपचार केंद्रात काम धरलं. अर्धांगवायू होऊन बोलणं गेलेल्या माणसांकडून चित्रं ओळखून घ्यायची, नोंदी ठेवायच्या, बिलंही फाडायची. बारा हजार. सकाळी सातला ऑनलाइन कोडिंगचा वर्ग, दिवसभर काम, संध्याकाळी परीक्षेचा अभ्यास. तिची चिडचिड वाढली होती. एकदा ती म्हणाली, "एक आजोबा रोज मला 'चमचा' म्हणतात. त्यांना 'ताई' म्हणायचं असतं. ते चुकतात ते त्यांना कळतं, पण शब्द सुधारता येत नाही. आणि मी तिथे बिलं फाडतेय." ते मला टोचून बोलणं होतं. मी ऐकून घेतलं.

त्याच वर्षी मी कारखान्यात तपासणीच्या दोन टेबलांवर दोन तासांची बैठक मोडून चाळीस-चाळीस मिनिटांची अदलाबदल करून बघितली. साहेब म्हणाले, "हे कुठून काढलं?" मी म्हणालो, "असंच." परत आलेले पार्ट कमी झाले. किती ते सांगण्यासारखं नाही, पण शिव्या कमी झाल्या. ही गोष्ट मी बहिणीला तीन महिने सांगितली नाही. सांगितली तेव्हा ती म्हणाली, "तुझ्या कंपनीने मला पैसे द्यायला पाहिजेत," आणि वर्षभरात पहिल्यांदा माझ्यासमोर हसली.

दुसऱ्या वेळी तिचं त्या सरकारी संस्थेत झालं, प्रतीक्षा यादीविना. फी आम्ही घरातूनच भरू शकलो असतो, पण राहण्याजेवण्यासाठी आणि लॅपटॉपसाठी अडीच लाखांचं कर्ज काढलं. तारण लागलं नाही. मी सही केली. करताना प्रत्येक पान वाचलं, व्याज कधीपासून लागतं तिथे बोट ठेवून बँकेतल्या माणसाला दोनदा विचारलं. तो वैतागला. बहीणही वैतागली, बाहेर तिची रिक्षा थांबली होती. आणि शिकत असतानाच व्याज दरमहा भरत गेलो, म्हणजे रक्कम फुगली नाही. पंधराशे-दोन हजार. हे माझ्या वेळी कुणी सांगितलं असतं तर, असा विचार मी आता करत नाही. निदान रोज करत नाही.

माझं लग्नही मधे झालं. बायकोला मी पहिल्याच भेटीत दोन्ही कर्जांचे आकडे सांगितले. ती म्हणाली, तिच्या भावाचंही आहे, नर्सिंगचं. मग आम्ही अर्धा तास व्याजदरांवरच बोललो.

आता बहीण शेवटच्या सत्रात आहे. गेल्या सुट्टीत आली होती तेव्हा मी तिला विचारलं, त्या वेळी मी सही केली नाही ते बरोबर होतं का? मला वाटलं होतं ती हो म्हणेल. एव्हाना म्हणायला हवं होतं.

"नाही," ती म्हणाली. "माझं ते वर्ष फार वाईट गेलं. तुला माहीत नाही किती. मी परत परीक्षेला बसले नसते तर सगळं तिथेच संपलं असतं, आणि मी दोनदा सोडणार होते."

"आणि पंधरा लाखांचा हप्ता?"

"तो नाही, हे चांगलंच आहे. पण तू जिंकलास असं समजू नकोस."

मी म्हणालो, मी तसं समजत नाही. थोडंसं समजत होतो.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. पुण्याची एक कंपनी तिला बेचाळीस हजार द्यायला तयार आहे. ट्रॅक्टरवर बसवायच्या स्क्रीनवर काय कुठे असलं म्हणजे चालवणाऱ्याची नजर अडत नाही, ते तपासायचं काम. आणि तिच्या सरांनी पीएच.डी.साठी विचारलंय. पाच वर्षं, दरमहा स्टायपेंड, तो बेचाळीसपेक्षा कमी. बोलणं हरवलेल्या माणसांवर काम. तिला दुसरं हवंय, हे आवाजावरूनच कळत होतं.

"पाच वर्षं?" मी म्हणालो. "पाच वर्षांनी पगार किती?"

"माहीत नाही."

"कुणालाच माहीत नाही का? परत?"

"दादा, ओरडू नकोस. मी फक्त विचारतेय."

"आधी बँकेला विचार, पीएच.डी.त असताना हप्ता पुढे ढकलतात का. लेखी घे. मग स्टायपेंड वेळेवर येतो का ते विचार. तुझ्या पुढच्या मुलामुलींना विचार, सरांना नको. मग पप्पांना विचार."

"आणि तू?"

"मला शेवटी विचार. मी आत्ताच वैतागलोय."

गेटवर दुसऱ्या पाळीची माणसं जमली होती. मी म्हणालो, रविवारी निवांत फोन कर, आणि आत गेलो.